टिटवीची दाढ

खोटं बोललात तुम्ही, साहेब. चुकून जीभ घसरली असं नाही. माईक हातात घेऊन, घसा साफ करून, समोर उन्हात बसवलेल्या पोरांकडून टाळ्या वाजवून घेऊन खोटं बोललात. ‘या शाळेत एकही किडलेला दात नाही!’ तुम्ही हे म्हणालात तेव्हा तुमच्या पाठीमागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या ढिगाला टेकून एक पोरगी बसली होती. तिचा डावा गाल पिकलेल्या पेरूसारखा तटतटला होता आणि तिला तोंड उघडता येत नव्हतं. शाळेच्या फाटकावरच्या फ्लेक्सवर जी पोरगी ब्रश हातात धरून खदखदून हसत होती, ती हीच. तिची गोष्ट ऐकायला तेव्हा तुम्हाला सवड नव्हती. आता ऐका.

उन्हाळा नुकता तापायला लागला होता. टोमॅटोचे मळे लाल व्हायच्या बेतात होते आणि बागवाल्याचा निरोप आला होता, यंदा प्लास्टिकच्या क्रेटचा तुटवडा आहे, टोपल्या होतील तेवढ्या विणा, सगळ्या उचलतो. बांबू विणणाऱ्यांच्या त्या वस्तीत कितीतरी वर्षांनी असा निरोप आला होता. माणसं कोयते पाजवून बांबूच्या गाडीची वाट बघत होती. तेवढ्यात दातांची गाडी आली.

शाळेतल्या बाईंनी आदल्या दिवशीच टिटवीच्या आईला रस्त्यात गाठलं होतं. “तुमच्या वस्तीतली पोरं अशा दिवशी नेमकी दांडी मारतात. तुम्ही जरा गोळा करून आणा ना. तुमचं ऐकतात सगळे.”

ऐकत कोणीच नव्हतं. पण बाईंनी तसं म्हटल्यावर टिटवीच्या आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. संध्याकाळी ती घरोघर फिरली.

“दात बघायला गाडी?” तिची सासू म्हणाली. “माझ्या दाताकडं तुझ्या सासऱ्यानं जन्मात कधी बघितलं नाही, नि आता गाडी येणार?”

“पोरांचे दात बघणार आहेत, आई. तुमचे नाही.”

“माझ्यात बघायला उरलंय काय?” सासू तोंड उघडून हसली. तिच्या पुढच्या दातांत मधोमध खाच पडलेली होती. टोपलीचा काठ बांधताना एका हातानं काठ दाबून धरायचा, दुसऱ्यानं कामटी, म्हणजे बांबूची चिरलेली ओली पट्टी, आतून बाहेर काढायची आणि तिचं टोक दातात धरून मानेचा हिसका देऊन ताणायचं. वस्तीत प्रत्येकाला तिसरा हात असतो तो असा. म्हातारीनं त्या हातावर चार लेकरं वाढवली होती.

चुलतजाऊ तेवढी सहजासहजी ऐकेना. “माझं पोरगं भित्रं आहे. सुया टोचतील त्याला.”

“टोचली तर आधी मला टोचून घेते.”

“तुझ्या शब्दावर पाठवते हं. काही झालं तर तुलाच धरणार.”

“धर की. मी कुठं पळतेय?”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात उजेडाकडे तोंड करून खुर्ची मांडली होती. डॉक्टरीण वयानं लहान होती, पण हात हलका होता. वस्तीतली पोरं आधी भिंतीला चिकटून उभी राहिली. मग टिटवी पुढं झाली. तिला टिटवी म्हणत, कारण डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तिचं तोंड बंद म्हणून नसे. खुर्चीत बसल्यावरही ती बोलतच होती. “हा आरसा इतका लहान कसा? यात तुम्हाला माझी जीभ दिसते का? माझ्या आजीच्या दातात खाच आहे, बोलावू का तिला?”

“आधी तू आ कर,” डॉक्टरीण हसून म्हणाली. आणि मग बघता बघता तिचं हसू मावळलं. तिनं टिटवीच्या आईला जवळ बोलावलं. “ही डावीकडची खालची दाढ बघा. मधे खड्डा पडलाय.”

“दुधाची असेल ना? पडेल की.”

“नाही हो, ताई. ही पक्की दाढ. ही गेली की परत येत नाही.”

टिटवीच्या आईला हे ठाऊक नव्हतं. पोरीच्या तोंडात इतक्या लवकर पक्कं काही येत असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. डॉक्टरिणीनं बारीक चमच्यासारख्या हत्यारानं खड्डा कोरला, पांढरं औषध भरलं, वरून बोटानं दाबलं. “हे तात्पुरतं आहे. नीट भरायचं सामान आज आणलेलं नाही. महिन्याभरात गाडी परत येईल, तेव्हा पक्कं भरून देते. तोवर दातात काड्या-कामट्या धरू देऊ नका, कोळशाच्या पुडीनं घासू देऊ नका. आणि कोणी काही म्हणालं तरी ही उपटायची नाही. दाढ वाचण्यासारखी आहे. कबूल?”

“कबूल,” टिटवीची आई म्हणाली. इतक्या मोठ्यानं म्हणाली की खुर्चीमागची पोरं हसली.

गाडीबरोबर आलेले साहेब, म्हणजे तुम्हीच, तोवर सावलीत बसून होते. फोटोवाला आला तसे उठले. त्यांनी पोरांवरून नजर फिरवली आणि टिटवीवर बोट ठेवलं. “ही. हिचं हसू छान आहे.” तिच्या हातात ब्रश दिला. “हास. अजून. दात दिसू देत.” टिटवी हसली. पुढचे दात तिचे खरंच मोत्यासारखे होते. मागचे कोणाला दिसतात?

मग साहेबांनी सगळ्या पोरांना ब्रश वाटले आणि जाता जाता दम भरला, “पुढच्या खेपेला मी स्वतः येऊन एकेकाचा ब्रश तपासणार आहे! ज्याच्या ब्रशचे केस वेडेवाकडे झालेले दिसतील, त्याची गय नाही!”

आता या वस्तीची एक रीत आहे. बागवाला हंगामाआधी एक टोपली पसंत करतो. ती नमुन्याची टोपली. ती आढ्याला टांगायची आणि माल तपासून होईपर्यंत तिच्यात कांद्याची पातसुद्धा ठेवायची नाही. जे तपासलं जाणार आहे ते वापरायचं नाही, एवढं वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे टिटवीच्या आईनं दोन्ही पोरांचे, टिटवीचा नि तिच्या धाकट्या भावाचा, ब्रश पाकिटासकट नमुन्याच्या टोपलीशेजारी खिळ्याला अडकवले. तिच्या घरी टांगले म्हटल्यावर चुलतजावेनं टांगले, तिचं बघून बाकीच्यांनी टांगले.

“मग वापरायचे कधी?” सासूनं विचारलं.

“तपासून झाल्यावर. साहेब केस बघणार आहेत.”

“आणि तोवर?”

“बोटानं.” तिनं कोळशाच्या पुडीचं मडकं उचलून मागं उकिरड्यावर ओतलं. म्हातारी बघत राहिली. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही पोरांना न्हाणीच्या दगडावर बसवून ती बोटावर पेस्ट घेऊन दात घासायची. टिटवीच्या डाव्या दाढेला मात्र बोट लावत नव्हती. तिथलं औषध निघालं तर?

मग बांबूची गाडी आली आणि वस्तीला मान वर करायला फुरसत उरली नाही.

हिरवा बांबू थांबत नाही. ओला आहे तोवर सरळ फाटतो, कामटी लवते, वळते, म्हणाल तशी बसते. उन्हानं एकदा पाणी ओढून घेतलं की तोच बांबू कडाकडा मोडतो. म्हणून गाडी रिकामी झाली की घरातला प्रत्येक हात कामाला लागतो. टिटवीचा बाप पहाटेच कोयता घेऊन बसे. बांबूच्या तोंडाला कोयता लावून एक ठोका, मग पायाचा अंगठा दाबून सळ्ळकन चीर. सासू कामट्या तासायची. टिटवीची आई बूड धरून उभं विणायची आणि शाळा सुटून आली की टिटवी काठ बांधायची. नखांत कुसळं, तळव्यांना चिरा, पाठीला रग. ओल्या कामट्यांवर पाणी मारत राहायचं आणि आपण घामानं भिजत राहायचं.

पहिल्याच दिवशी टिटवीनं सवयीनं कामटी दातात धरली.

“टिटवे! दातात नाही!”

“मग कशात धरू? माझ्या नाकात?”

“गुडघ्यानं दाब. हातानं ओढ.”

गुडघ्यानं दाबून ओढायला वेळ लागतो, शिवाय काठ घट्ट बसत नाही. बापानं दोन टोपल्या हातात घेऊन काठ हलवून बघितला नि बायकोला टोमणा मारला. “डॉक्टरीणबाई, तुमचे काठ ढिले पडतायत. बागवाला दात बघणार नाही, काठ बघेल.”

“मी पुन्हा बांधते. पोरीला बोलू नका.”

तिनं बांधले. स्वतःच्या दातांनी ओढून पोरीच्या वाटणीचे काठ बांधले. तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं, ते ती थुंकायची आणि पुन्हा कामटी धरायची. तिच्या दातांना जपायला कोणतीच गाडी आलेली नव्हती आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. पोरीची दाढ वाचणार होती.

महिना झाला. गाडी आली नाही.

टिटवीची आई शाळेत गेली. हेडमास्तर खुर्चीत पेपर वाचत होते. “येणार, येणार. वरून तारीख आली की कळवतो.” पुन्हा गेली. “अहो, त्यांना काय आपली एकच शाळा आहे का?” तिसऱ्यांदा गेली तेव्हा हेडमास्तरांनी तिला लांबूनच बघितलं आणि पेपर उंच धरला. विचारून विचारून तिच्या दातांच्या कण्या झाल्या.

तोवर टिटवीनं एका बाजूनं जेवायला सुरुवात केली होती. मग पाणी पितानाही मान कलती करू लागली. एके सकाळी न्हाणीच्या दगडावर ती म्हणाली, “आई, औषधाच्या खाली कोणीतरी आहे.”

“कोण असणार?”

“आतून ठोकतंय.”

आईनं उजेडात बघितलं. पांढरं बूच जागच्या जागी होतं. तिला वाटलं, औषध आहे तोवर काळजी नाही. त्या बुचाखाली पू कोंडला असेल आणि त्याला वाट हवी असेल, हे तिला कुणी सांगितलं होतं? तिला एवढंच सांगितलं होतं की हात लावू नका, आम्ही येतो.

गालावर सूज दिसू लागली तेव्हा टिटवीच्या बापानं भाकरीचा तुकडा ताटात टाकला. “बाजारात दातवाला बसतो. चिमट्यानं एका हिसक्यात काढतो. मी नेतो हिला.”

“उपटायची नाही.”

“पोर कण्हतेय. तुला ऐकू येत नाही?”

“येतं. पण वाचण्यासारखी आहे ती. कबूल केलंय मी.”

“कुणाला कबूल केलंस? कुठाय ती?” त्यानं दाराबाहेर हात केला. “दाखव मला. कुठाय?”

सासू मधे पडली. “भांडू नका रे. मोठ्या दवाखान्यात तरी दाखवा.”

मोठा दवाखाना म्हणजे दिवसभराचा खेळ. अंगणात नव्या गाडीतल्या बांबूचा अर्धा ढीग अजून ओला होता. दुपारपर्यंत विणून टिटवीची आई पुन्हा शाळेत गेली. या खेपेला हेडमास्तर चक्क उठून उभे राहिले. “बरं झालं आलात! तुम्हालाच निरोप धाडणार होतो. सोमवारी आपल्या शाळेत मोठा कार्यक्रम आहे. साहेब स्वतः येणार.”

“आणि गाडी?”

“गाडी येणारच की.”

“दातांच्या डॉक्टरीणबाई?”

“सगळे येणार हो. आता ऐका, पाहुण्यांना द्यायला छोट्या सुबक टोपल्या हव्यात. त्यात ब्रश, पेस्ट, असं घालून देऊ. तुमच्या हातच्या. शाळेचं काम आहे, एवढं कराल ना?”

ती हो म्हणाली. तिला इतकं हायसं वाटलं की त्यांनी शाळेचं छप्पर विणायला सांगितलं असतं तरी ती हो म्हणाली असती. बागवाल्याचं काम बाजूला सारून ती त्या टोपल्यांना बसली. केसासारख्या बारीक कामट्या, दुहेरी काठ. शेजारी टिटवी भिंतीकडे तोंड करून निजलेली असायची. अंग तापलेलं. मधूनच आई म्हणायची, “सोमवारी येतायत हं, बयो.” टिटवी मान हलवायची. तिचं बोलणं बंद पडलं होतं. घरात इतकी शांतता कधीच नव्हती, आणि ती शांतता कुणालाच सोसत नव्हती.

सोमवारी सकाळी टिटवीच्या आईनं पोरीचं तोंड पुसलं, केस विंचरले, खिळ्यावरचा ब्रश पाकिटासकट तिच्या हातात दिला. वस्तीतल्या सगळ्या पोरांनी आपापले ब्रश घेतले. बापानं टोपल्यांची चळत डोक्यावर घेतली. फाटकाशी येऊन सगळे थबकले.

फाटकाच्या वर, कमानीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, टिटवी हसत होती. एकेक दात विटेएवढा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, दंतकीडमुक्त शाळा.

“ए टिटवे, तू बघ!” पोरं ओरडली. “केवढी मोठी झालीस!”

खालची टिटवी वरच्या टिटवीकडे बघत राहिली. मग तिनं ओढणीचं टोक गालावर ओढून घेतलं.

टिटवीच्या आईला अक्षरं जुळवून वाचता येत होती. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. तेवढ्यात बाई धावत आल्या. “अगंबाई, हिला कशाला आणलंत आज? असा चेहरा घेऊन?”

“डॉक्टरीणबाईंना दाखवायचंय. हेडमास्तर म्हणाले...”

“हो हो, दाखवू. पण समोर नका बसवू हिला. फोटो काढणार आहेत.” बाईंनी इकडंतिकडं बघितलं. “मागच्या खोलीत बसा दोघी. मी बोलावते.”

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पाण्याचा तांब्याही आणून दिला. तो टिटवीला पिता येणार नाही, हे तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मागच्या खोलीच्या खिडकीतून दातांची गाडी दिसत होती. टिटवीची आई खिडकीतून वाकून ड्रायव्हरशी बोलली. “दादा, डॉक्टरीणबाई कुठं बसल्यात?”

“त्या? त्यांना केव्हाच दुसरीकडं टाकलं.”

“मग पोरांच्या दाढा कोण भरणार?”

ड्रायव्हरनं तंबाखू मळता मळता तिच्याकडं बघितलं. त्याची नजर टिटवीवर गेली आणि मळणारा अंगठा थांबला. “ताई, गाडीत दाढा भरायचं सामान नाही. खुर्च्या नि माईक आहे. त्या डॉक्टरीणबाई भांडत होत्या हो, या गावाला परत जायचंय, पोरं खोळंबलीत म्हणून. साहेब म्हणाले, शाळा कीडमुक्त म्हणून वर कळवून झालंय, आता तिथं कीड शोधायला जाता का?” त्यानं तंबाखू फेकून दिली. “मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नका.”

म्हणजे ती बोटावर पेस्ट घेऊन बसत होती, काठ दातांनी ओढत होती, नवऱ्याला अडवत होती, तेव्हा येणारं कोणी नव्हतंच. हेडमास्तरांना ठाऊक होतं. पेपर वर धरला तेव्हाही ठाऊक होतं.

बाहेर माईक खरखरला. साहेबांचं ते वाक्य आलं. टाळ्या झाल्या. मग साहेब म्हणाले, “आता मुलांनी आपले ब्रश वर करा बघू!”

ब्रश वर झाले. गावातल्या पोरांचे झिजलेले, केस विस्कटलेले, काहींचे हरवलेलेच. आणि एका कोपऱ्यात वस्तीतल्या पोरांचे ब्रश, नवे कोरे, पाकिटात, उन्हात चमकणारे. पोरांचे चेहरेही चमकत होते. त्यांना वाटलं आता शाबासकी.

साहेब खाली उतरले, चुलतजावेच्या पोराच्या हातातला ब्रश घेतला आणि माईकसमोर धरला. “हे बघा! पाकीटसुद्धा फोडलेलं नाही! आम्ही दारात आणून फुकट देतो, आणि यांना दात घासायचासुद्धा आळस! अशानं कसा सुधारणार समाज?”

पटांगण हसलं. पोराला कळेना लोक का हसतात, म्हणून तेही हसलं आणि मग त्याचा ओठ खाली वळला. चुलतजावेनं खोलीच्या दाराकडं बघितलं.

टिटवीच्या आईनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. एवढी मोठी पोरगी, पाय गुडघ्याखाली लोंबत होते. ती तशीच पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली.

“साहेब, तुम्ही म्हणालात केस वाकडे दिसले तर गय नाही. म्हणून टांगून ठेवले. बोटानं घासले दोन्ही वेळा. विचारा पोरांना.”

“अहो बाई, नंतर, नंतर,” हेडमास्तर पुढं धावले.

“नंतर कधी? महिन्याभरानं?” ती साहेबांवरून नजर हटवत नव्हती. “एकही किडका दात नाही म्हणालात. हिची दाढ तुमच्या माणसानं कोरली, तुमच्या समोर कोरली.”

साहेबांनी माईकवर हात ठेवला. आवाज खाली आणला. “कोणाची मुलगी ही?”

“फाटकावर टांगलीय तीच.”

साहेबांनी बघितलं. ओळख पटली की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. “बाळ, तोंड उघड बघू. आ कर.”

टिटवीनं प्रयत्न केला. जबडा बोटभरही उघडेना. डोळ्यांतून पाणी आलं तेवढं.

“उघडतच नाही तर मी बघणार काय?” साहेब म्हणाले. “दाताचं नसेल हे. गालगुंड असेल. चांगल्या डॉक्टरला दाखवा.”

“चांगली डॉक्टरीण तुम्हीच आणली होती.”

“हे पाहा, गाडी गरज असेल तिथं जाते. एका मुलीसाठी...” त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. हेडमास्तरांनी बाईंना खूण केली, बाईंनी पोरांना खूण केली आणि पोरं समूहगीत गाऊ लागली. टिटवीच्या आईचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. तिनं विणलेल्या टोपल्या पाहुण्यांच्या मांडीवर गेल्या. एका पाहुणीनं काठावरून बोट फिरवून म्हटलंही, “किती नाजूक काम आहे!”

टिटवीच्या बापानं पोरीला बायकोच्या कडेवरून खांद्यावर घेतलं. तो एक शब्द बोलला नाही. रस्त्यापर्यंत नाही, गाडी मिळेपर्यंत नाही. ‘तुला सांगत होतो’ एवढं जरी तो म्हणाला असता, तरी तिला रडता आलं असतं.

मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर टिटवीला बघून तिच्या आईवरच खेकसला. “इतके दिवस काय झोपला होता? हे गळ्यात उतरलं असतं तर श्वास कोंडला असता!”

“ते म्हणाले होते थांबा.”

“कोण ते?”

जबड्याखाली चीर देऊन पू काढला. सूज उतरेपर्यंत दवाखान्यातच ठेवलं. मग दाढ काढली. वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाला. सासूला अंगणातला बांबू एकटीनं आवरला नाही. ढीग वाळला आणि कडाकडा मोडू लागला. बागवाल्यानं दुसऱ्या वस्तीतून माल उचलला.

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी टिटवीचा बाप गाडीच्या थांब्याकडे निघाला. टिटवीची आई उलट्या बाजूला वळली. “तुम्ही व्हा पुढं,” ती म्हणाली.

तो थांबला. मग बायकोच्या मागून चालू लागला.

साहेबांच्या ऑफिसात पंखा फिरत होता. शिपाई स्टुलावर बसला होता आणि त्याच्या डोक्यावर, भिंतभर, टिटवी हसत होती. फ्लेक्स इथंही होता. इतर शाळांत लावायला गुंडाळ्या करून ठेवलेले आणखी कितीतरी होते.

“काय काम?” शिपायानं विचारलं.

“साहेबांना भेटायचंय.”

“साहेब मीटिंगला.” त्यानं टिटवीकडं बघितलं. हनुवटीखाली पट्टी, गालात कापूस, डोळे खोल गेलेले. मग त्यानं मान वळवून घेतली. वरच्या पोरीत आणि या पोरीत त्याला काही साम्य दिसलं नाही.

“थांबते मी. वाट बघायची सवय तुम्हीच लावलीय आम्हाला.”

ती जमिनीवर बसली. पोरगी मांडीवर, नवरा भिंतीला टेकून. मीटिंग खोटी होती. आतून हसण्याचा आणि कपबशांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं दार उघडलं. साहेब बाहेर आले, यांना ओलांडून निघाले आणि ती उठून त्यांच्या वाटेत आडवी आली.

तिनं पदराआडून टोपली काढली. पाहुण्यांसाठी विणलेल्यांतली एक तिच्याकडं उरली होती. तिच्यात पाकिटातला कोरा ब्रश होता आणि ब्रशशेजारी कापसावर टिटवीची दाढ, मुळांसकट. मधल्या खड्ड्यात ते पांढरं औषध अजून तसंच घट्ट बसलेलं.

“हे काय? काय हे?” साहेब मागं सरले.

“तुमची वस्तू आहे. परत आणलीय.”

“शिपाई!”

शिपाई उठला. त्यानं टोपलीत बघितलं, मग भिंतीवर बघितलं, मग मांडीवरून उतरून उभ्या राहिलेल्या टिटवीकडं बघितलं. या वेळी त्यानं नीट बघितलं. आणि तो पुढं आलाच नाही.

“ही पक्की होती,” टिटवीची आई म्हणाली. “परत येत नाही ही. तुमच्याच माणसानं सांगितलं होतं, ऐकलं मी. कामट्या धरू देऊ नका म्हणालात, नाही धरू दिल्या. कोळसा नको म्हणालात, ओतून टाकला. उपटू नका म्हणालात, नवऱ्याशी भांडले, पोर रडत होती तरी नाही उपटली. ब्रश तपासणार म्हणालात, देवासारखे टांगून ठेवले. तुम्ही सांगितलेलं काहीएक मी मोडलं नाही. तुम्ही एकच गोष्ट करणार होता. एकच.”

साहेब घड्याळाकडं बघू लागले.

“घड्याळात नका बघू. हिच्याकडं बघा. हिला टिटवी म्हणतात. हिचं तोंड कधी बंद नसायचं, आता हिला बोलता येत नाही, म्हणून मी विचारतेय. पैसे नकोत. ब्रश नको. मी इथून हलणार नाही. एवढंच सांगा. गाडी येणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, मग आम्हाला थांबा म्हणून का सांगितलंत? सांगा, साहेब. का?”